चुकलेला ठोका

आमच्या खोलीत येणाऱ्या पाहुण्यांची नजर प्रथम टेबलाकडे जाते आणि ते अंमळ बुचकळ्यात पडतात. बाप्तिस्म्याची नोंदवही आणि पुढच्या रविवारच्या प्रवचनाची टिपणे यांच्या शेजारी तेथे सोल्डरिंग आयर्न, रंगीत वायरींची भेंडोळी आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवलेले आठ पायांचे काळे किडे अशी मांडामांड असते. 'फादर, हे काय?' हा प्रश्न ठरलेला. वेळ असला तर आम्ही एक किडा चिमटीत धरून त्याची कुळकथा सांगतो. नसला तर 'मुलांचे खेळणे आहे' म्हणून सुटका करून घेतो. आज मात्र वाचकांपुढे ती कथा पुरती सांगावी असे मनात आहे, कारण या किड्याने आम्हाला एक धडा शिकविला आणि तो सेमिनरीच्या आठ-नऊ वर्षांतही आमच्या पचनी पडला नव्हता.

हा नाद आम्हाला सेमिनरीतच लागला. आमच्या पुढच्या वर्गातील एका बंधूंना अँप्लिफायर दुरुस्त करण्याची हौस होती. ऐन सणाच्या दिवशी चॅपलमधील ध्वनिक्षेपक मुका झाला की त्यांना बोलावणे जाई आणि बॅटरी धरून उभे राहण्याचे काम आमच्याकडे येई. उजेड धरता धरता आम्ही हात घालू लागलो. सुटीच्या दिवशी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून, चार-दोन रुपयांच्या हिशेबाने, पुड्या बांधून सुटे भाग आणणे हा आमचा त्या काळातला चैनीचा कळस. त्या रस्त्याचे नाव आता डॉ. भडकमकर मार्ग आहे. पण सुटे भाग शोधणाऱ्यांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे.

पुढे बदल्या होत होत आम्ही कल्याणच्या परिसरात आलो. कल्याण स्थानकातून लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कर्जतच्या फाट्यावरचे पहिलेच स्थानक विठ्ठलवाडी, त्याच्या पुढचे उल्हासनगर. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे या विठ्ठलवाडीच्या बाजूला, रुळांच्या जवळच्या चाळींत राहतात. मालगाडी गेली की फडताळातली भांडी किणकिणतात आणि बोलणारा माणूस वाक्य अर्धे सोडून गाडी जाईपर्यंत थांबतो. मग तेथूनच पुढे सुरू करतो. याची त्या लोकांना इतकी सवय आहे की, गाड्यांचा आवाज होतो का असे विचारले तर ते 'कुठल्या गाड्या?' असे विचारतील.

धर्मशिक्षणाचा वर्ग संपला की काही मुलेमुली रेंगाळत. त्यांना घेऊन आम्ही रविवारी दुपारी सभागृहाच्या कोपऱ्यात एक वर्ग सुरू केला. दहा-बारा जण, बहुतेक आठवी ते दहावीतले, दोघे आयटीआयचे. पहिले काम होते नाताळच्या गोठ्यावरचा लुकलुकणारा तारा. तो जमला तेव्हा मग पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी, अंधार पडला की लागणारा दिवा, अशी मजल दर मजल चाल सुरू झाली. या सगळ्यांच्या पोटात एकच किडा होता. त्याचे नाव ५५५.

ही चिप घडविली हान्स कामेन्झिंड यांनी. ते मूळचे स्वित्झर्लंडमधील झुरिकचे. अमेरिकेत सिग्नेटिक्स कंपनीची नोकरी सोडून ते स्वतंत्रपणे काम करू लागले आणि त्याच कंपनीसाठी ठेक्यावर त्यांनी १९७१ मध्ये हा आराखडा तयार केला. तेव्हा संगणकावर आराखडे काढण्याची सोय नव्हती. त्यांनी तो हाताने काढला, हाताने कापला. आधी चिपला नऊ पाय लागणार होते. एक युक्ती सुचली आणि आठांत काम भागले. १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि आजही ती जगभर मुबलक मिळते. नावाविषयी मुलांना एक गोष्ट सांगितली जाते, की आत पाच-पाच हजार ओहमचे तीन रोधक आहेत म्हणून ५५५. रोधक आहेत हे खरे. पण नाव त्यांवरून पडले नाही, कंपनीतील एका अधिकाऱ्याने ते सहज निवडले, असे खुद्द कामेन्झिंड सांगत. २०१२ मध्ये ते वारले.

तिचे काम समजायला सोपे आहे. एक लहानसा कपॅसिटर म्हणजे जणू घागर. रोधकांतून तिच्यात हळूहळू वीज भरते. पुरवठ्याच्या दोन-तृतीयांश भरली की चिप म्हणते 'पुरे' आणि रिकामी करू लागते. एक-तृतीयांश उरली की म्हणते 'भरा'. ही भर-ओत अखंड चालते. घागर मोठी घेतली किंवा तोटी बारीक केली तर ठोका मिनिटाला एक पडेल. घागर चिमुकली घेतली तर सेकंदाला हजारो. आमच्या मुलांना अपूर्णांक कंटाळवाणे वाटत. परंतु ताऱ्याची लुकलुक मंद करायची झाली तेव्हा तीच मुले आपण होऊन भागाकार करू लागली.

त्यानंतर आम्ही त्यांना न दिसणाऱ्या उजेडाकडे नेले. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि कोणत्या रंगात किती उष्णता आहे ते पाहण्यासाठी तेथे तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत वर चढला. तोच अवरक्त किरण, इन्फ्रारेड. टीव्हीच्या रिमोटच्या नाकाशी जो लहानसा दिवा असतो तो याच उजेडाचा. मुलांना हे पटेना. तेव्हा खोलीत अंधार करून आम्ही त्यांना रिमोटकडे मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहायला लावले. बटण दाबताच पडद्यावर जांभळट ठिणगी उमटली. मोबाईल बाजूला केला की काही नाही. त्या दिवशी घरोघरी रिमोटचे सेल संपेपर्यंत प्रयोग झाले असणार. दोन मातांनी तशी तक्रारही आमच्याकडे केली.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध जोडपे होते. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली. मूलबाळ नाही. विठ्ठलवाडीच्या चाळीत दोघांचा संसार. गेल्या काही वर्षांत बाबांना विस्मरणाने घेरले. आधी नावे गेली, मग दिवस गेले, मग आपण निवृत्त झालो हेही गेले. रात्री केव्हाही जाग आली की ते सदरा चढवत आणि रात्रपाळीला निघत. मावशी दर रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या दाराशी आम्हाला गाठत आणि सांगत, 'फादर, हे काल रात्री पुन्हा उठले. ड्युटी आहे म्हणाले.' आम्ही म्हणत असू, 'प्रार्थना करतो, मावशी.' आणि त्यांचा हात सोडून पुढच्याचा हात धरत असू.

किती रविवार असे गेले याचा हिशेब आमच्यापाशी नाही. पहिल्या खेपेस आम्ही थांबून चौकशी केली होती, डॉक्टरांचे विचारले होते, एकदा घरीही जाऊन आलो होतो. मग ते वाक्य नेमाचे झाले. वाक्य तेच, सूर तोच, वेळ तीच. आमचे कान ते घेत होते. आत काही पोहोचत नव्हते. मालगाडीच्या आवाजाची जशी त्या चाळीला सवय, तशी आम्हाला मावशींच्या वाक्याची.

एका पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास बाबा घरातून निसटले. मावशींचा डोळा लागला होता. पावसाळी गस्तीवरच्या दोन रेल्वे कामगारांना ते फलाटाच्या टोकापलीकडे, रुळांच्या कडेला, भिजत उभे असलेले आढळले. हातात विझलेली बॅटरी. त्या भल्या माणसांनी त्यांना विचारपूस करत घरी पोहोचविले. पुढच्या रविवारी मावशींनी हे सारे नेहमीच्याच सुरात आम्हाला सांगितले आणि, लिहिताना लाज वाटते, आमच्या तोंडून 'प्रार्थना' हा शब्द निघालाही होता. शेजारी आमच्या वर्गातली दहावीची एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, 'फादर, आजींच्या दाराला आपण किरण लावू या का?'

कोणी विचारील, कडी-कुलूप का लावले नाही? लावून पाहिले होते. बाबा दार बडवत, सारी चाळ जागी होई. शिवाय शौचालय चाळीच्या टोकाला, रात्री जावे लागे. दार उघडले की वाजणारी घंटी लावावी, तर उकाड्याचे सहा-आठ महिने दार उघडेच असे, नुसता पडदा. तेव्हा मुलीचे म्हणणे बरोबर होते. चौकटीच्या एका बाजूला न दिसणारा उजेड टाकणारा दिवा, दुसऱ्या बाजूला तो पाहणारा डोळा. मधून माणूस गेला की किरण तुटेल आणि भोंगा वाजेल.

कागदावर हे एका दुपारचे काम होते. त्याला आमचे पाच रविवार गेले.

पहिला डोळा साधा होता, अवरक्त उजेड पडला की वीज जाऊ देणारा फोटोडायोड. सभागृहात तो छान चालला. मावशींच्या घरी नेला तर भोंगा वाजेचना. मुले हिरमुसली. कारण शोधता सापडले ते देवघराजवळच्या जुन्या पिवळ्या बल्बमध्ये. अशा बल्बची तार तापते तेव्हा ती दिसणाऱ्या उजेडापेक्षा न दिसणारा उजेडच अधिक टाकते. आमच्या डोळ्याला वाटे, किरण येतोच आहे. आपला उजेड आणि परका उजेड यांतला भेद त्याला कळत नव्हता.

मग रिमोटवाल्यांची युक्ती घेतली. रिमोटचा दिवा सरळ जळत नाही. तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो आणि समोरचा तीन पायांचा रिसीव्हर त्याच तालाचा उजेड ओळखतो, बाकीचा सोडून देतो. ५५५ला हा ताल शिकविणे कठीण नव्हते. एक हजार ओहमचा एक रोधक, अठरा हजारांचा दुसरा, आणि ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दुसऱ्या रोधकाची दुप्पट करून त्यात पहिला मिळवा, कपॅसिटरने गुणा आणि त्या गुणाकाराने १.४४ला भागा, उत्तर ३८,९००च्या आसपास येते. लहान प्रीसेट फिरवून ते ३८,०००वर आणले. चालू केले. रिसीव्हरने किरण पाहिला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. क्षणभराने रिसीव्हर गप्प झाला. दिवा तर चालूच होता, मोबाईलमध्ये दिसत होता. पण रिसीव्हर जणू आंधळा. बंद करून चालू केले की पुन्हा क्षणभर पाही, पुन्हा गप्प.

भाग खराब म्हणून दुसरा आणला, तिसरा आणला. शेवटी माहितीपत्रक नीट वाचल्यावर उलगडा झाला. रिमोट कधी अखंड बोलत नाही. तो थोडे बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो. अखंड येणारा ताल म्हणजे ट्यूबलाईटसारख्या एखाद्या दिव्याचा गोंगाट असे समजून हा रिसीव्हर आपली संवेदना आपणच कमी करत नेतो. तो बिघडलेला नव्हता. न थांबणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करणे हा त्याचा गुण म्हणूनच त्याच्यात घातलेला होता.

मुले हसली आणि एक खोडकर म्हणाला, 'फादर, म्हणजे लांब प्रवचनासारखे!' आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री झोप लागेना. आमच्या डोळ्यांपुढे प्रवचन नव्हते, चर्चचे दार होते. अखंड येणाऱ्या हाकेला गोंगाट समजून आपण होऊन बहिरा होणारा रिसीव्हर आम्ही ओळखत होतो. त्याला तीन पाय होते, आम्हाला दोन, एवढाच फरक. आणि त्या मावशींनी थांबत थांबत, नवनव्या शब्दांत आपले दुःख सांगायला हवे होते काय? तिचे दुःख रोज तेच होते. मग शब्द कोठून नवे येणार?

पुढच्या रविवारी दुसरी ५५५ बसविली. तिचे काम पहिलीला बोलू देणे आणि थांबविणे. येथेही एक गंमत आहे. या चिपच्या साध्या जोडणीत बोलण्याचा काळ थांबण्याच्या काळाहून नेहमी मोठाच निघतो. रोधक कितीही बदला. एक डायोड आडवा बसविला की मगच थोडे बोलून जास्त थांबणे तिला साधते. तो बसविला. एक मिलिसेकंद बोलणे, कित्येक मिलिसेकंद गप्प. रिसीव्हर लगेच शुद्धीवर आला.

तिसऱ्या ५५५कडे कान दिला. तिला दर ठोक्याला नवा श्वास मिळतो. ठोके येत आहेत तोवर ती स्वस्थ असते, आणि ठरल्या वेळात ठोका आला नाही की उलटते. म्हणजे ही जोडणी आवाजाने जागी होत नाही, आवाज न आल्याने जागी होते. माणूस क्षणात दार ओलांडून जातो म्हणून चौथी चिप लावली. एकदा ठोका चुकला की तिने भोंगा दहा सेकंद वाजवत ठेवायचा. तरीही एक विघ्न उरलेच. रिसीव्हर इतका तीक्ष्ण की माणूस मध्ये उभा राहिला तरी पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड त्याला पुरे. मुलीने त्याला काळ्या कागदाची लांब नळी घातली, दिव्याची वीज कमी केली, तेव्हा कोठे तो फक्त समोर पाहू लागला.

पाचव्या रविवारी आम्ही सारे सरंजाम घेऊन चाळीत गेलो. बाबा खाटेवर बसले होते. आम्ही कोण हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्हाला त्यांनी 'या साहेब' म्हटले, बहुधा खात्यातला कोणी इन्स्पेक्टर समजून. मुले चौकटीवर खिळे ठोकत होती. बाबा उठून जवळ आले, पाटीवरच्या जोडण्या न्याहाळू लागले. मग एका सांध्यावर बोट ठेवून म्हणाले, 'हा डाख कच्चा आहे.' आयटीआयचा मुलगा चपापला. बाबांनी त्याच्या हातातून आयर्न घेतले. चहाचा कप धरताना थरथरणारा तो हात त्या क्षणी निश्चल होता. सांधा तापला, कथील वितळून पसरले, चकाकले. आयर्न परत देताना त्यांनी विचारले, 'लाइन गेली तर?'

कोणाला काही कळले नाही. बाबा जरा करड्या आवाजात, शिकाऊ माणसाला सांगावे तसे बोलले, 'लाइन गेली तर काय होणार? तार तुटली तर सिग्नल लाल पडला पाहिजे. नाही पडला तर ते सिग्नलच नव्हे.'

सिग्नल खात्याचे हे पहिले सूत्र. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तरी हात आपल्या वजनाने आडवा होई, म्हणजे 'थांबा'. रुळांतून जी बारीक वीज खेळवितात तिच्यामागेही हाच विचार आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. ती वीज एक रिले धरून ठेवते. गाडीची चाके आली की रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. परंतु बॅटरी संपली, वायर तुटली, तरीही रिले सुटतोच. बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूला झाला पाहिजे. बाबांना पत्नीचे नाव कित्येक दिवस आठवत नसे. हे मात्र हाडांत मुरलेले होते.

आणि आमचे यंत्र या परीक्षेत नापास होते. दिवा आणि रिसीव्हर दोन्ही मोबाईलच्या एकाच जुन्या चार्जरवर चालत. वीज गेली की दोन्ही मुके, आणि वीज पावसाळी रात्रीच जाते. मुलांनी तेथल्या तेथे दुरुस्ती ठरविली. उजेड टाकणारा भाग चार्जरवर राहील, ऐकणारा भाग चार रिचार्जेबल सेलवर. वीज गेली की किरण थांबेल, ठोका चुकेल, भोंगा वाजेल. आणि सेलच संपले तर? त्यासाठी तिसऱ्या चिपवर एक हिरवा दिवा. तो दिसला तरच मावशींनी झोपायचे. सेल बदलायला दर रविवारी मुलगी जाणार.

यंत्र उत्तम चालले. रविवार आला, मावशी दाराशी हसल्या आणि काही न सांगता गेल्या. पुढच्या रविवारीही तसेच. आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. एका मंडळापुढे या वर्गाविषयी बोलताना आम्ही या यंत्राचे उदाहरणही दिले. त्यानंतर मावशी एका रविवारी आल्या नाहीत, दुसऱ्याही रविवारी नाहीत. आणि ते आमच्या लक्षात आले नाही.

सेल बदलून आलेल्या मुलीने सांगितले तेव्हा कळले. भोंगा रात्रीतून तीन-तीन, चार-चार वेळा वाजे. दर वेळी मावशी धडपडत उठत, बाबांना समजावून परत आणत. पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा भोंगा. पूर्वी निदान काही रात्री त्या नकळत झोपून जात. आता यंत्र त्यांना झोपू देत नव्हते. अशाच एका रात्री त्या ओल्या व्हरांड्यात घसरल्या आणि मनगट मोडले.

आम्ही धावत गेलो. हात प्लास्टरमध्ये, चेहरा उतरलेला. 'मावशी, सांगितले का नाही?' आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, 'तुम्ही एवढे मशीन करून दिले, फादर. आता आणि काय सांगायचे?'

या उत्तरावर आमच्यापाशी शब्द नव्हते, आजही नाहीत. आम्ही त्यांना यंत्र दिले आणि त्याबरोबर त्यांचे वाक्य काढून घेतले. ते वाक्य येत होते तोवर आम्ही ते ऐकले नाही. थांबले तेव्हा आम्हाला बरे वाटले. तिसऱ्या चिपला जे कळते, की ठोका चुकला म्हणजे काहीतरी घडले आहे, ते आम्हाला कळले नाही.

बाबांचा प्रश्न आम्ही अर्धाच सोडविला होता. लाइन गेली तर काय, हे आम्ही वायरपुरते पाहिले. भोंग्याच्या पुढची लाइन, म्हणजे तो ऐकून उठणारे माणूस, ते एकटेच होते आणि सत्तरी ओलांडलेले होते. ते पडले तर काय, हे कोणी विचारलेच नव्हते.

मुलांनी मावशींच्या घरातला भोंगा काढला आणि लांब वायर ओढून तो शेजारच्या खोलीत नेला; तिच्यापुढे आणखी दोन खोल्यांत जोडणी दिली, प्रत्येकीला एक बटण. चाळीतल्या मंडळींनी वार वाटून घेतले. त्यांत सर्व धर्मांची माणसे होती. त्यांना समजावायला आम्हाला फार बोलावे लागले नाही. 'आधी सांगायचे की,' एवढेच एकजण म्हणाला. शुक्रवारची पाळी आम्ही मागून घेतली आणि त्या रात्री शेजारच्या खोलीतल्या सतरंजीवर झोपू लागलो.

पहिल्याच शुक्रवारी पावणेतीनला भोंगा वाजला. बाबा सदरा घालून व्हरांड्यात आले होते. त्यांना अडवू नये, चार पावले बरोबर चालावे, असे शेजाऱ्यांनी शिकविले होते. आम्ही चाळीच्या टोकापर्यंत गेलो. दूर स्थानकाच्या बाजूला सिग्नल लाल होता. बाबा थांबले, बघत राहिले. 'तुमची कुठली पाळी?' त्यांनी विचारले. 'रात्रपाळी,' आम्ही म्हणालो. ते समाधानाने हसले. काही वेळाने सिग्नल हिरवा झाला, एक मालगाडी धडधडत गेली, आणि बाबा म्हणाले, 'चला, काम झाले.' आम्ही परत फिरलो. मावशी झोपल्या होत्या.

असे वर्षभर चालले. मग एका उपवासकाळात बाबा घरातच, झोपेत, देवाघरी गेले. मातीनंतर मुले यंत्र काढायला गेली तेव्हा मावशी म्हणाल्या, 'ते राहू द्या. हिरवा दिवा दिसला की झोप लागते.' ते अजून तेथे आहे. दाराशी उठून जाणारे आता कोणी नाही. तरी मुले रविवारी सेल बदलतात आणि त्या निमित्ताने कोणीतरी मावशींच्या हातचा चहा घेऊन येते.

मावशी पुन्हा मिस्साला येतात. आता त्या गुडघ्यांविषयी सांगतात. दर रविवारी तेच, त्याच सुरात. आमचा कान अजूनही जुनाच आहे. तीन-चार रविवारांनंतर तो मंद होऊ लागतो, हे आम्हाला जाणवते. तेव्हा आम्ही एक लहानशी वही ठेवली आहे. संध्याकाळी तिच्यात, दाराशी कोण काय बोलले ते लिहीत नाही. जे नेहमी येतात आणि आज आले नाहीत त्यांची नावे लिहितो. सोमवारी सकाळी त्या नावांपासून आमच्या फेरीला सुरुवात होते. कधी माणूस नुसता गावी गेलेला असतो. कधी तसे नसते.

रविवारच्या वर्गात दर वर्षी नवी मुले येतात. त्यांना तारा लुकलुकविण्याची घाई असते. जुनी मुले त्यांना आयर्न धरायला शिकवितात, डाख कच्चा का राहतो ते दाखवितात, आणि जोडणी पुरी झाली की चालू करण्यापूर्वी एक प्रश्न विचारतात. तो त्यांना आम्ही शिकविलेला नाही. 'लाइन गेली तर?'